वाणातले पत्र

प्रश्न असा आहे : एका बाईने नाटकासाठी लिहिलेले पत्र खरे होते की रचलेले? हा प्रश्न मला योग्य वेळी आणि माणसांदेखत विचारण्यात आला होता. त्या वेळी मी त्याचे उत्तर दिले नाही. त्याच्या शेजारच्या एका प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते अगदी अचूक दिले. त्या अचूकपणाचे पुढे काय झाले ते क्रमाने सांगतो. जे मी स्वतः पाहिले आणि जे दुसऱ्याकडून ऐकले, ते वेगळे ठेवण्याचा प्रयत्न करतो.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. माळरानावर वसाहत उठली होती : पुढे अधिकाऱ्यांचे बंगले, मागे चाळी, मध्ये शाळा. मी त्या शाळेत मराठी शिकवीत असे. अधिकाऱ्यांचा एक क्लब होता आणि त्याच्या वर्धापनदिनाला नाटक करायचे ठरले होते. पौराणिक नको, ऐतिहासिक नको, गावाकडचे तर नकोच. मुंबईच्या उच्चभ्रू दिवाणखान्यातले, खुसखुशीत संवादांचे हवे, असा क्लबाचा आग्रह होता. असे नाटक मी लिहून दिले. लिहिणारा मी, नकला करणारा मी, आणि विंगेत पुस्तक धरून बसणाराही मीच.

नकला म्हणजे काय, ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आमच्याकडे नटाला पूर्ण नाटक कधी देत नसत. ज्याचे त्याला, त्याच्याच भाषणांचे बाड हाताने लिहून देत. प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे केव्हा बोलायचे ते कळते. तिला नक्कल म्हणतात. त्यामुळे सबंध नाटक ठाऊक असलेला माणूस एकच असतो. शिवाय नाटकाला परवानगी घ्यावी लागे. मंजूर होऊन आलेल्या प्रतीच्या पानापानावर शिक्का असे आणि तीत मागाहून एक शब्द घालता येत नसे. ती शिक्क्यांची प्रत माझ्या टेबलाच्या खणात असे. खणाची किल्ली माझ्या जानव्याला.

तालमी शाळेच्या मोठ्या वर्गात, संध्याकाळी शाळा सुटल्यावर होत. बॅरिस्टरचा दिवाणखाना उभा करण्यासाठी मी सामान मागून आणले होते आणि त्याची क्रमांकवार यादी केली होती. सोफा कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यातला. लाकडी पेटीचे उभे घड्याळ चिंचवडच्या एका वकिलांच्या माडीवरचे. त्याला लंबक नव्हता, काटे चार वीसवर. आरसा पिंपरी गावठाणातल्या न्हाव्याचा, खालच्या डाव्या कोपऱ्यात तडकलेला. हिरवा पडदा कारखान्याच्या दवाखान्याचा. पितळी पिंजरा निर्वासितांच्या वसाहतीतल्या एका दुकानदाराचा. तो त्यात लसूण ठेवी, आणि देताना लसूण काढून घ्यायला विसरला होता. खिडकी मात्र वर्गाचीच वापरली. तिचा मधला गज मुलांनी लोंबकळून वाकवला होता, पण ती मागून आणलेली नसल्यामुळे यादीत नव्हती.

नाटकाचा विषय थोडक्यात असा. एक बॅरिस्टर मोठ्या पदाला उभा आहे. त्याची पत्नी नीतीबद्दल फार कडक. त्यांच्या घरी एक जिभेची तिखट विधवा पाहुणी म्हणून येते. या पत्नीचे पूर्वी एक लग्न झाले होते. त्या नवऱ्याला सोडून जाताना तिने लिहिलेले पत्र पाहुणीच्या हाती लागलेले आहे. पाहुणी म्हणते, गव्हर्नरसाहेबांच्या मेजवानीचे आमंत्रण मला मिळवून द्या, नाहीतर हे पत्र बॅरिस्टरांच्या टेबलावर जाईल. तिसऱ्या अंकात ती ते पत्र पत्नीला परत करते आणि पत्नी ते मोठ्याने वाचते. शेवटी बॅरिस्टर ते न वाचता दिव्यावर धरतो. सगळे हसतात. पडदा.

पत्नीची भूमिका मोठ्या साहेबांच्या बाईंकडे होती. त्यांना सारी वसाहत बाईसाहेब म्हणे. सोज्ज्वळ भूमिका सर्वांत मानाची, असा त्यांचा प्रथम समज होता. चार तालमींत त्यांच्या ध्यानात आले की टाळ्यांची वाक्ये पाहुणीकडे आहेत. "अब्रू म्हणजे भारी साडी, बाई, नेसणारीपेक्षा बघणारीलाच तिची काळजी अधिक." "नीती शेजारच्या घरात किती शोभून दिसते!" असली वाक्ये पाहुणी टाकी आणि बाईसाहेबांनी डोळ्यांना पदर लावून उभे राहायचे असे.

पाहुणीची भूमिका होती प्रयोगशाळेतल्या एका सहायकाच्या पत्नीकडे. मी तिला वहिनी म्हणत असे. नवरा चिंचवडच्या जुन्या शेतकरी घराण्यातला, घरातला पहिला शिकलेला, मोठ्या साहेबांच्याच हाताखाली. वहिनी साताऱ्याकडच्या. आईबाप लहानपणीच गेलेले; मामाने वाढवले, मॅट्रिक केले, आणि लग्न चोविसाव्या वर्षी लावले. त्या वेळी चोवीस म्हणजे उशीर. इतकी वर्षे मुलगी बिनलग्नाची कशी राहिली, हे चिंचवडच्या आळीने लग्नाच्या पंगतीतच एकमेकींना विचारून घेतले होते. लग्नाला दोन वर्षे झाली होती.

एका संध्याकाळी तिसऱ्या अंकाची तालीम झाली. बाईसाहेबांनी पत्र वाचले. त्यांच्या नकलेत त्या जागी केवळ 'पत्र वाचते' एवढेच होते, कारण कागद हातात असतो, पाठांतर लागत नाही. मजकूर फक्त माझ्या प्रतीत आणि त्या कागदावर. पत्राची सुरुवात मी अशी केली होती : "आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, परिस्थितीच्या रेट्यामुळे आपले गृह सोडणे मला क्रमप्राप्त झाले आहे."

बाईसाहेब वाचून बंगल्याकडे गेल्या. वहिनी हसू आवरीत माझ्याकडे आल्या.

"मास्तर, ही बाई नवऱ्याला सोडून चाललीय की किरकोळ रजा मागतेय?"

"त्यात काय चूक आहे?"

"चूक काहीच नाही. तेच तर!"

बाकीचे चहा पीत होते, तेही हसले. मी थोडा दुखावलो. त्यांना म्हणालो, मग तुम्हीच लिहून दाखवा. शिवाय पत्र माझ्या अक्षरात होते, आणि सगळ्यांच्या नकलाही माझ्याच अक्षरात. पत्र बाईच्या हाताचे असले तर बरे, असेही माझ्या मनात होते. प्रेक्षकांना अक्षर दिसणार नव्हते. तरी मला ते खटकत असे.

वहिनी सोफ्यावर बसल्या, गुडघ्यावर पाटी आणि पाटीवर कागद. वर्गाच्या दारात चहाचा दुसरा फेरा होईपर्यंत त्यांचे लिहून झाले होते. पत्र असे होते :

"तुम्हांला पत्र लिहिण्याची ही पहिली वेळ. एका घरात राहणाऱ्यांना पत्राची गरज पडत नाही. घड्याळ बंद पडले तेव्हा तुम्ही म्हणालात, बघू. दोन वर्षे आपल्या घरात चार वाजून वीस मिनिटेच झालेली आहेत. आरशाला तडा गेला तेव्हाही म्हणालात, बघू. तेव्हापासून माझा डावा गाल मी धड पाहिलेला नाही. पोपट मेला. पिंजऱ्यात आता लसूण असतो आणि सकाळी मी त्याच्याशी बोलते. पडद्याला दवाखान्याचा वास येतो, पण या घरात आजारी कोण, ते मला कोणी सांगितले नाही. खिडकीचा मधला गज वाकलेला आहे. तो मी वाकवलेला नाही. माझ्याआधी इथे कोण होती, हे मी तुम्हांला कधी विचारले नाही. आता विचारणारही नाही. मी जाते आहे. परत येणार नाही हे सांगण्यासाठी हे पत्र नाही. मी गेले आहे, हे तुमच्या लक्षात यावे, एवढ्यासाठी आहे."

मी ते दोनदा वाचले. माझा पहिला विचार व्याकरणाचा होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो : चूक एकही नव्हती. दुसरा विचार असा की, हे रचलेले नाही. असे कोणाला सुचत नाही; असे कोणावर तरी गुजरते. मी मान खाली घातली आणि कागदाची घडी केली. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. "जमलंय का, मास्तर?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "ठेवू या." याहून अधिक काही विचारणे मला असभ्यपणाचे वाटले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलू लागलो. मला ते सौजन्य वाटत होते.

शिक्क्यांच्या प्रतीत हा मजकूर घालता येत नव्हता, म्हणून घातला नाही. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांच्या हाती तालमीत नवे पत्र आले. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि अक्षराकडे पाहिले.

"हे कुणाचं अक्षर?"

"माझं," वहिनी म्हणाल्या. "मास्तरांचं पत्र फार शिस्तीचं होतं."

"हो का," असे म्हणून बाईसाहेबांनी कागद पर्समध्ये ठेवला. घरी सराव करते, म्हणाल्या.

पुढच्या तालमीपूर्वी वर्गाच्या ओसरीवर दोघींचे बोलणे झाले. मी आत फळा पुसत होतो. दार उघडे होते आणि प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"अगं, तुला बरं नाही असं सांग. ती विधवा मी करीन. माझं काम दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई करतील."

"मला बरं आहे की, बाईसाहेब."

"आज बरं आहे. हे पत्र चिंचवडला गेलं, तर किती दिवस बरं राहील?"

वहिनी हसल्या. खरोखर हसल्या, मला तो आवाज अजून ऐकू येतो. "बाईसाहेब, हे तर तुम्ही माझीच वाक्यं म्हणताय! दुसऱ्या अंकातली. आणि ते पत्र नाटकातलं आहे हो."

"नाटकातलं पत्र मी आठ दिवस वाचत होते. ते निराळं होतं."

"बदललं ना. सगळ्यांच्या देखत लिहिलंय मी."

"लिहिलंस खरं. पण सुचलं कुठून?"

मी बाहेर गेलो असतो, तर तिथेच काय ते झाले असते. मी फळा पुसत राहिलो. बायकांच्या खाजगी गोष्टीत पडू नये, असे माझे शिक्षण होते. आणि ती गोष्ट खाजगी आहे, असे मी धरूनच चाललो होतो. एका भूमिकेसाठी कोणी इतके करील, हेही मला खरे वाटले नाही. मी तीन अंकी नाटक त्याच विषयावर लिहिले होते, तरी.

वहिनींनी भूमिका सोडली नाही.

यापुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. वहिनींच्या नवऱ्याने सांगितला तसा लिहितो. संक्रांत झाली होती आणि हळदीकुंकवांचे दिवस होते. या दिवसांत बायका एकमेकींच्या घरी जातात, ओटी भरतात आणि एखादी वस्तू लुटतात. तिला वाण म्हणतात. बाईसाहेब मोटारीने चिंचवडच्या घरी आल्या. साहेबांची बाई आपल्या दारी आली, म्हणून सासूने ओसरीवर सतरंजी घातली, सगळी आळी गोळा झाली. बाईसाहेबांनी आपल्याकडचे वाण घरपोच आणले होते, ते सासूच्या हाती ठेवले : लाखेची एक कुंकवाची डबी. डबीखाली घडी केलेला कागद होता.

सासूला वाचता येत नव्हते. साहेबीणबाईने काही चांगले लिहून दिले असेल, अशा समजुतीने तिने तो सुनेपुढे धरला. "काय लिवलंय, बघ गं. मोठ्यानं वाच, समद्यांस्नी कळू दे."

वहिनींनी घडी उघडली आणि कागद ओळखला. त्या वेळी त्यांना काहीही वाचता आले असते. तिळगुळाची ओवी म्हटली असती तरी त्या ओसरीवर बाईसाहेबांखेरीज कोणाला समजले नसते. नवरा म्हणाला, ती बाईसाहेबांकडे बघून हसली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, हे आमच्या नाटकातलं पत्र आहे. ऐका, कसं झालंय ते." मग तिने ते वाचले. वाईट वाचणे तिला येतच नसे.

ओसरीवर दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सासूनेही पुसले, आणि मग विचारले, "कुणी लिवलं हे?"

"मी लिहिलं, आत्याबाई."

"तू?"

"हो."

बाईसाहेब उठता उठता म्हणाल्या, "नाटकातलं पत्र निराळं आहे हो. माझंच काम आहे, मला ठाऊक. नाहीतर मास्तरांना विचारा. ते काही खोटं बोलायचे नाहीत."

हे त्यांनी खरे सांगितले.

घर सोडल्याचे पत्र तिच्या हातचे, म्हणजे तिला आधीचा एक नवरा असणार, असे आळीने धरले. पहिला नवरा जिवंत असताना बाईचे दुसरे लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही, हे तोवर आळीतल्या बायकांनाही माहीत झाले होते. चोविसाव्या वर्षाचे कोडे अशा रीतीने ओसरीवर सुटले. आळीला फक्त एकाची साक्ष हवी होती.

दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, नवरा शाळेत आला. तो स्वभावाने वाईट नव्हता, भित्रा होता. बरोबर त्याची आई होती आणि तिच्या मागे, दारापाशी, वहिनी. त्याने कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"मास्तर, एवढंच सांगा. हे पत्र नाटकात आहे का?"

वहिनी म्हणाल्या, "सांगा, मास्तर." त्यांच्या आवाजात काळजी अशी नव्हती. एखादे मूल बेरीज तपासायला पाटी पुढे करते, तसा तो आवाज होता.

मी जानव्याची किल्ली काढली. खण उघडला, शिक्क्यांची प्रत काढली, तिसरा अंक काढला, पत्राची जागा बोटाने दाखवली, आणि म्हणालो, "या शब्दांत नाही."

"मग हे कुठून आलं?"

"त्यांना पत्र लिहायला मी सांगितले होते. मजकूर त्यांचा आहे."

"मजकूर तिचा," नवरा म्हणाला. तो शब्द त्याने एकदा आणखी उच्चारला.

माझ्या उत्तरातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि एवढ्यावरच मला थांबायचे नव्हते. पुढे जे सांगायचे ते असे होते : नाटकासाठी रचलेला मजकूर. पण 'रचलेला' हा शब्द माझ्या तोंडून निघेना, कारण तो मला खरा वाटत नव्हता. खोटे बोलून त्यांना सोडवावे, की खरे बोलून गप्प बसावे, एवढाच पर्याय मला दिसत होता. आणि मी माझ्या मते खऱ्याची बाजू घेतली. वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिले. त्यांना ते समजायला क्षणही लागला नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्हांलासुद्धा खरं वाटलं?"

मी शिक्क्यांची प्रत मिटली.

सासू म्हणाली, "चल. व्हायचं ते झालं. ही आमची सून न्हाईच म्हनायची." नवऱ्याने पत्र टेबलावरच सोडले. "ठेवा तुमच्या नाटकात," तो म्हणाला. चहा पिणाऱ्यांना मागाहून कोणी विचारले असावे. ते म्हणाले, लिहीत होत्या खऱ्या, काय लिहीत होत्या ते कसं सांगणार. साताऱ्याला मामाला एक पत्र टाकले असते, तर आठ दिवसांत उलगडा झाला असता. ते कोणी टाकले नाही. ज्याला उत्तर मिळालेले आहे, तो चौकशी करीत नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींची ट्रंक चिंचवड स्टेशनवर पुण्याच्या गाडीत चढली. पोचवायला नवऱ्याचा चुलतभाऊ गेला होता.

नाटक ठरल्या दिवशी झाले. बाईसाहेबांनी पाहुणीचे काम केले आणि, तेही नोंदवायला हवे, चांगले केले. डॉक्टरीणबाईंनी पत्र वाचले ते माझे, मंजूर झालेले. "आपले गृह सोडणे क्रमप्राप्त" या शब्दांना मैदानभर हशा पिकला. मी तिथे हशा योजलेला नव्हता. शेवटी बॅरिस्टर पत्र दिव्यावर धरून म्हणाला, "जिने मला दहा वर्षे वाचून काढले, तिचे एक जुने पत्र वाचून मी काय शिकणार?" या वाक्याला सर्वांत मोठी टाळी पडली. विंगेतून तिसरी रांग दिसते. वहिनींचा नवरा तिथे होता. साहेबांच्या बाईंचे नाटक, आला नसता कसा? तोही टाळ्या वाजवीत होता. त्याला त्यात काही आपले दिसले असेल, असे वाटले नाही.

त्यानंतर मी यादीप्रमाणे सामान परत करायला निघालो. न्हाव्याच्या दुकानात आरसा खिळ्याला टांगला आणि सरळ लागला की नाही ते पाहायला समोर उभा राहिलो. माझा डावा गाल तडकलेला होता.

मी तिथे किती वेळ उभा होतो, ते न्हाव्याला विचारायला हवे. "काय मास्तर, दाढी करायची का?" असे त्याने विचारलेले आठवते. मी शाळेत परत आलो, यादी काढली, पत्र काढले, आणि दोन्ही शेजारी ठेवली. घड्याळ : होते. आरसा : होता. पिंजरा, लसणासकट : होता. पडद्याला नाक लावले. दवाखान्याचा वास येत होता. मग मी सोफा जिथे होता तिथे जाऊन जमिनीवर बसलो, त्या जिथे बसल्या होत्या त्याच दिशेला तोंड करून. समोर खिडकी होती. मधला गज वाकलेला होता.

ती सगळी सामग्री महिनाभर माझ्या डोळ्यांपुढे होती. मी ती मागून आणली होती, तिला क्रमांक दिले होते. पण माझ्या लेखी तो आरसा म्हणजे 'आरसा, एक, परत करणे' एवढाच होता. एका बाईने त्याच खोलीत बसून, चहाच्या दोन फेऱ्यांमध्ये, त्या उसन्या सामानातून एक अख्खे दुःखी घर उभे केले, आणि ते इतके उत्तम उभे राहिले की मी त्यात तिला कोंडून ठेवले. बाईला असे रचता येईल, ही शक्यता मी तपासलीच नव्हती. वर्गात निबंध चांगला आला की मी मुलीला विचारीत असे, कुठून उतरवलास?

मी यादी आणि पत्र घेऊन चिंचवडला गेलो. ओसरीवर बसून एकेक बाब सासूला आणि नवऱ्याला समजावून सांगितली, फळ्यावर सांगतो तशी. नवरा लक्ष देऊन ऐकत होता. त्याला पटले, असे मला वाटते. त्याने आईकडे पाहिले.

"मंजी समदं खोटं?" सासूने विचारले.

"खोटं नव्हे. रचलेलं."

"तेच की वो, मास्तर. म्या त्या खोट्यावर रडले. आळीदेखत रडले." तिने डबीतले कुंकू बोटाने सारखे केले, तीच लाखेची डबी होती. "जिला जागच्या जागी बसून इतकं खोटं रचता येतंय, ती ह्या घरात खरं काय बोलंल? तवा न्हवती वाईट, तर आता हाय."

नवरा म्हणाला, "आई म्हणते त्यातही तथ्य आहे, मास्तर."

मी प्रयत्न करून निरपराधपणाचा पुरावा आणला होता. तो दुसरा आरोप म्हणून दाखल झाला. वहिनी परत आल्या नाहीत. आमच्याकडे अशा बाईला टाकलेली म्हणतात. आळीच्या तोंडी तो शब्द रुळायला एक शिमगा पुरला. बाईसाहेबांनी पुढच्या वर्षी दुसरे नाटक मागितले. मी लिहून दिले नाही. नकला मात्र केल्या.

एक गोष्ट लपवणे योग्य नाही. पत्रातली शेवटची दोन वाक्ये मला त्या खोलीत कुठे सापडली नाहीत. परत येणार नाही हे सांगण्यासाठी नव्हे, गेले आहे हे लक्षात यावे यासाठी : याचा नमुना यादीत नाही. घड्याळाची दोन वर्षेही खोलीतली नव्हेत. चिंचवडच्या घरातली वर्षे मात्र दोनच होती. म्हणजे पहिला नवरा रचलेला, पण 'बघू' म्हणणारा कोण, हे निराळे. मी नोंद केली आहे. त्यापुढे मी गेलेलो नाही.

मी साताऱ्याला, मामांच्या पत्त्यावर, वहिनींना पत्र लिहिले. माझी पडताळणी, बाबवार, सविस्तर. उत्तर म्हणून एक कार्ड आले, ओळखीच्या अक्षरात : "मास्तर, ताडून पाहिलेत ते बरे केलेत. मला विचारले असतेत, तर दोन मिनिटांत सांगितले असते."

ते कार्ड मी यादी आणि पत्राशेजारी ठेवले आहे.

पत्र रचलेले होते, असा माझा निष्कर्ष आहे. पण या प्रकरणात माझा शब्द एकदा प्रमाण मानला गेला होता, आणि तो तसा मानायला नको होता. म्हणून वाचकांना विनंती आहे : सामानाचा परिच्छेद आणि पत्र शेजारी ठेवा, आणि आपण स्वतः ताडून पाहा.